हिकाप, बाती, पामिनाव

फिलिपिन्समधल्या दावाओ शहरातल्या एखाद्या दवाखान्यात बाकावर बसलेली आजी म्हणते, "ला-इन आकोङ पामिनाव." शब्दकोश उघडून अर्थ लावायला बसलं तर 'ला-इन' म्हणजे वेगळं, 'आकोङ' म्हणजे माझं आणि 'पामिनाव' म्हणजे ऐकणं. माझं ऐकणं वेगळंच झालंय. नवखा विद्यार्थी इथे कानाची तक्रार समजतो. आजीचं म्हणणं साधं असतं: मला कसंसंच होतंय, बरं वाटत नाही. आपलं अंग काय सांगतंय ते ती ऐकते आहे आणि आजचं ऐकणं रोजच्यासारखं नाही. 'कसंसंच होतंय' हा मराठी शब्दप्रयोग तिच्या वाक्यावर जितका नेमका बसतो तितकं दुसरं काही बसत नाही.

ही सेबुआनो भाषा. बोलणारे तिला बहुतेकदा बिसाया किंवा बिनिसाया म्हणतात. सेबू बेट हे तिचं माहेर. बोहोल, सिकिहोर, नेग्रोसचा पूर्व भाग, लेयतेचा पश्चिम भाग आणि मिंदानाओचा बराच मोठा मुलूख तीच बोलतो. मातृभाषा म्हणून बोलणारे सुमारे दोन कोटी. दावाओला वैद्यकीय शिक्षणासाठी भारतातून दरवर्षी मुलं जातात, त्यांत मराठी घरांतलीही असतात. शिकवणं इंग्रजीत चालतं, पण वॉर्डातला पेशंट बिसायातच कण्हतो. म्हणून ही मुलं स्पर्शाच्या आणि वाटण्याच्या शब्दांची यादी शोधतात: डावीकडे सेबुआनो शब्द, उजवीकडे इंग्रजी अर्थ. या यादीतली अडचण अशी की उजवीकडे पुन्हा पुन्हा 'टच' आणि 'फील' हेच दोन शब्द येतात आणि डावीकडचे वीस-पंचवीस शब्द त्या दोघांत कोंबले जातात. मराठी माणसाने उजवीकडचा रकाना पुसून तिथे मराठी लिहावं. हात लावणं, चाचपणं, कुरवाळणं, चोपडणं, चोळणं, थोपटणं, चिमटणं, चेपणं, पिळणं हे सगळं आपल्याकडे वेगवेगळं आहे, तसंच तिकडेही आहे.

मॅगेलनची जहाजं 1521 साली सेबूला लागली तेव्हा बरोबर आलेल्या आंतोनियो पिगाफेत्ताने तिथल्या शब्दांची यादी टिपून ठेवली. अवयवांची नावं त्याला सहज मिळाली, कारण नाकाकडे बोट केलं की समोरचा नाकाचं नाव सांगतो. 'कुरवाळणे'कडे बोट करता येत नाही. ते शब्द कृतीतूनच उमगतात. कोणाचा हात, किती जोर, कशासाठी, मुद्दाम की चुकून, हे कळलं की शब्द कळला.

पहिला शब्द 'हिकाप'. हाताने स्पर्श करणं, हात लावणं. "आयाव हिकापा" म्हणजे त्याला हात लावू नकोस. गरम भांडं, ओला रंग, दुसऱ्याची वस्तू, सगळीकडे चालतं. त्याच्या शेजारचा 'हिलाबोत' याद्यांमध्ये याच अर्थाने दिलेला असतो आणि तिथेच गफलत होते. हिलाबोतमध्ये लुडबुड आहे, नसत्या ठिकाणी हात घालणं आहे. त्याच्या पोटात 'लाबोत' हा शब्द आहे, म्हणजे संबंध, वाटा. "वाला कोय लाबोत" म्हणजे माझा यात काही संबंध नाही. झोपलेल्या बाळाविषयी "आयाव हिलाब्ती" म्हणतात तेव्हा बोट लावू नको एवढंच म्हणायचं नसतं, त्याला त्रास देऊ नको, राहू दे त्याला, असं म्हणायचं असतं. उठसूट दुसऱ्याच्या भानगडीत पडणारा तो 'हिलाब्तानोन'. मराठीत 'हात लावणे' आणि 'हात घालणे' यांत जे अंतर आहे तेच हिकाप आणि हिलाबोतमध्ये.

तिसरा 'तांदोग'. वस्तू जराशी ढळेल, हलेल असा स्पर्श. ताटातलं अन्न तसंच राहिलं तर ते तांदोग न झालेलं. आणि मन हललं तर 'नातांदोग'. एखाद्याचं बोलणं मनाला स्पर्शून गेलं हे आपण जसं म्हणतो, तसंच. शहरातली तरुण मंडळी हल्ली इंग्रजी शब्दालाच सेबुआनो उपसर्ग जोडून 'ना-टच को' म्हणतात. अर्थ पोचतो, पण तांदोगमधलं ते जागचं हलणं त्यात नाही. जुना शब्द मला जास्त खरा वाटतो.

तपासणीच्या टेबलाजवळ एक काळजी घ्यायला हवी. हिकापचं 'गिहिकापान' हे रूप बातम्यांमध्ये वाईट हेतूने अंगाला हात लावण्यासाठी येतं. त्यामुळे अनोळखी पेशंटला, विशेषतः बाईला, नुसतं 'हिकाप' म्हणून हात पुढे करू नये. 'सुसी' म्हणजे तपासणं. "सुसिहोन नाको इमोङ तियान, हा?" म्हणजे तुमचं पोट तपासतो हं. अवयवाचं नाव घ्यायचं, होकाराची वाट पाहायची, मग हात ठेवायचा. वाटेत पेशंट "हिनाय-हिनाय लाङ" म्हणाला तर 'जरा हळूहळू'. शब्दाची जोडी करून तो मऊ करणं दोन्ही भाषांत आहे. हाच 'सुसी' मनिलाच्या तागालोग भाषेत किल्ली होतो. सेबुआनोत किल्लीला 'यावे' म्हणतात.

पोट दाबून पाहायचं तर 'पिस्लित'. बोटाने दाबणं. विजेचं बटण, मोबाइलची कळ, सुजलेली जागा, सगळ्याला पिस्लित. "साकित बा कुङ पिस्लितोन?" दाबल्यावर दुखतं का? दाबून रस काढायचा असेल तर मात्र 'पुगा'. छोटं हिरवं लिंबू, ज्याला तिथे लिमोनसीतो म्हणतात, ते पुगा करतात. किसलेला नारळ पिळून 'तुनो' म्हणजे नारळाचं दूध काढतात. दाबणं आणि पिळणं यांत मराठी माणूस कधी चुकणार नाही. इंग्रजीतून आलेला चुकतो, कारण त्याच्याकडे दोन्हीला एकच शब्द पुरतो.

धरण्याचे शब्दही असेच. 'गुनित' म्हणजे धरणं: हात, कठडा, दोरी. 'कुपोत' म्हणजे मुठीत घट्ट धरणं, आणि 'कुमकोम' म्हणजे वस्तू मुठीत मिटून घेणं. खिशात किंवा बिळात हात घालून काही काढणं ते 'कुओत'. अंधारात, कपड्यांवरून चाचपणं ते 'कापकाप'. मॉलच्या दारात पहारेकरी अंगझडती घेतो ती कापकाप.

चोळण्याकडे आलो की भाषा श्रीमंत होते, कारण तिथे एक अख्खी विद्या उभी आहे. 'हापुहाप' म्हणजे कुरवाळणं, मांजराच्या पाठीवरून फिरणारा हात. 'हाप्लास' म्हणजे तेल किंवा मलम चोपडणं, आणि त्या मलमालाही हाप्लासच म्हणतात. 'हिलोत' म्हणजे जाणत्या हाताचं चोळणं, आणि ते करणारा 'माङहिहिलोत'. तो बोटांना 'लाना' म्हणजे तेल लावतो, बहुधा खोबरेल, आणि आधी नुसता चाचपत जातो: गाठ कुठे, स्नायू कुठे ताठला, कुठे हात गेल्यावर पेशंट अंग चोरतो. मग दुखऱ्या जागेच्या कडेकडेने सुरुवात करून आत येतो. मुरगळलेल्या, दुखावलेल्या हातापायाला 'पिआङ' म्हणतात आणि पोर पडलं की खेड्यात पहिली आठवण याच माणसाची होते. आपल्या गावाकडचा हाड बसवणारा डोळ्यांपुढे आणा. धोकाही तोच: हाडाला बारीक चीर असेल आणि वरून चोळलं तर सूज वाढते, हाड सरकतं, पेशंट डॉक्टरकडे पोचेपर्यंत दिवस गेलेले असतात. म्हणून सुजलेला घोटा समोर आला की विचारायचा प्रश्न असा: "नागपाहिलोत का ना बा?" आधी चोळून घेतलंय का?

या प्रश्नातला 'पा' लक्षात ठेवण्यासारखा आहे. हिलोत म्हणजे चोळणं, पाहिलोत म्हणजे चोळून घेणं. 'कालोत' खाजवणं, 'पाकालोत' खाजवून घेणं. 'कुगोस' म्हणजे मुलाला उचलून कवेत घेणं. पोर हात वर करून 'पाकुगोस' म्हणतं तेव्हा ते 'मला घे' म्हणत असतं. मराठीतलं 'करून घेणं' ज्याला येतं त्याला हा 'पा' अर्ध्या तासात येतो.

तसेच 'गि' आणि 'ना'. कोणीतरी मुद्दाम पाय दिला तर 'गितुंबान'. गर्दीत चुकून पाय पडला तर 'नातुंबान'. 'पाय दिला' आणि 'पाय पडला'. जीपनीत, म्हणजे तिथल्या प्रवासी जीपगाडीत, चढताना कोणाच्या पायावर पाय पडला आणि तुम्ही 'गि' लावून माफी मागितलीत, तर मी तुम्हाला जाणूनबुजून तुडवलं, माफ करा, असं ते वाक्य होतं. लोक समजून घेतात, पण चेहऱ्यावर क्षणभर प्रश्न उमटतो. नुसता निसटता धक्का लागला तर 'नासागिद'.

छोट्या मारांचे आणि लाडांचे शब्द तर जोड्या लावा म्हणून दिल्यासारखे आहेत. 'कुसी' चिमटा, 'पितिक' टिचकी, 'तापिक' थोपटणं, 'साग्पा' थोबाडीत, 'सुम्बाग' गुद्दा, 'गितिक' गुदगुल्या, 'गाकोस' मिठी. 'हुंगित' म्हणजे घास भरवणं. 'तांदाय' म्हणजे झोपेत दुसऱ्याच्या अंगावर किंवा उशीवर पाय टाकणं. त्यासाठी ठेवलेल्या लांब उशीला 'तांदायान' म्हणतात, आणि या एका शब्दापुढे मराठीलाही पूर्ण वाक्य खर्च करावं लागतं. वडीलधाऱ्यांचा हात आपल्या हातात घेऊन कपाळाला टेकवायचा, तो 'आमिन'. प्रार्थनेच्या शेवटी येणाऱ्या 'आमेन'वरून आलेला हा शब्द. आपण पायाशी वाकतो, ते हात कपाळाशी नेतात.

'हालोक' म्हणजे चुंबन आणि 'हागोक' म्हणजे घोरणं. मधलं एक व्यंजन सांभाळा. गोंधळ वाढवायला आणखी एक गोष्ट आहे: हालोकला 'आन' हा प्रत्यय लागला की 'हालोकान' होतं, पण 'हाग्कान' असंही रूप आहे. 'ल' जातो, 'ग' येतो. म्हणजे 'गिहाग्कान' हा दिसतो घोरण्याचा, आणि असतो चुंबनाचा. कोशात शोधताना अशीच फसगत इतरत्रही होते, कारण प्रत्यय लागला की मधला स्वर गळतो. 'कुप्तान' शोधायचं ते 'कुपोत'खाली. 'हिलाब्तान' हे 'हिलाबोत'खाली. 'बात्योन' हे 'बाती'खाली. जॉन वुल्फ यांचा 1972 साली कॉर्नेल विद्यापीठातून निघालेला मोठा कोश वापरत असाल तर आणखी एक सूचना: त्यात तीनच स्वर लिहिले आहेत, आ, इ, उ. रोजच्या लिखाणातला 'ओ' तिथे 'उ' होतो. हालोक सापडत नसेल तर हालुक पाहा, हिलोत नसेल तर हिलुत.

उच्चारात मराठी माणसाला बरंच काही आयतं मिळतं. सेबुआनो त आणि द हे आपल्या त-द सारखे दातांशी होतात, ट-ड सारखे नाहीत. क, त, प यांत हकाराचा फुगा नाही. अवघड आहे तो ङ. मराठीत तो अंक, रंग, शंख यांत अनुस्वाराआड दडून बसतो, शब्दाच्या सुरुवातीला कधीच येत नाही. तिकडे शब्द त्याने सुरू होतात. युक्ती अशी: 'रंग' म्हणताना 'ग'च्या आधी थांबायचं, जीभ मागे टेकलेली असते तिथेच ठेवायची आणि तिथून पुढचा स्वर काढायचा. ङिलो. हा शब्द आधी शिकावा, कारण त्याचा अर्थ मराठीत तयार आहे: दात आंबणं. कैरी खाल्ल्यावर दातांना जे होतं ते ङिलो. 'ङुतङोत' म्हणजे खोल ठणका, दाढेचा किंवा सांध्याचा. जुन्या दुःखालाही तोच शब्द लागतो.

वेदनेची भाषा डॉक्टरला सर्वांत आधी लागते. 'साकित' हा सर्वसाधारण शब्द, दुखणं आणि आजार दोन्ही. पण पेशंट नेमकं सांगतो तेव्हा नीट ऐकावं. 'हाप्दोस' म्हणजे चुरचुरणं, झोंबणं: खरचटलेल्यावर स्पिरिट लागलं की होतं ते. 'लाबाद' डोकेदुखी. 'बिकोग' पेटके, पोटरीत गोळा येणं. 'बिन्होद' मुंग्या येणं, बधिरपणा. हातापायांत तसं होत असेल तर 'पामान्होद' ऐकू येईल, मधुमेहाच्या पेशंटकडून बऱ्याचदा. 'कातोल' म्हणजे खाज, आणि डासांच्या अगरबत्तीलाही तिथे कातोलच म्हणतात, म्हणून दुकानात आणि दवाखान्यात त्याचा अर्थ वेगळा.

आता थंडीचे दोन शब्द. मला या सगळ्या पसाऱ्यात ही जोडी सर्वांत मोलाची वाटते. 'बुग्नाव' म्हणजे हाताला गार लागणारं: पाणी, लोखंड, माणसाचा हात. 'तुग्नाव' म्हणजे थंडी, हवेतली आणि अंगात भरणारी. "गितुग्नाव को" म्हणजे मला थंडी वाजते. पेशंटला थंडी वाजत असते आणि त्याच वेळी त्याचं कपाळ, म्हणजे 'आग्ताङ', चटका बसेल इतकं 'इनित' असतं. एक गोष्ट पेशंटला जाणवते, दुसरी डॉक्टरच्या हाताला कळते. वैद्यकात लक्षण आणि चिन्ह असा भेद पहिल्या वर्षापासून घोकून घेतात. भाषेने तो शब्दांतच करून ठेवलाय. मराठीतही 'थंडी वाजणं' आणि 'गार लागणं' हे एक नाही. इंग्रजीच्या रकान्यात दोन्हींपुढे 'कोल्ड' लिहिलेलं असतं, आणि हातपाय गार पडलेल्या पेशंटची नोंद थंडी वाजते अशी झाली तर ती चूक छोटी नाही.

'गितुग्नाव'मधला 'गि' पुन्हा पाहा. मघाशी तो 'मुद्दाम केलं' असा होता. शरीराच्या बाबतीत त्याचा सूर बदलतो: माणूस करणारा राहत नाही, त्याच्यावर काहीतरी येतं. गिगुतोम को, मला भूक लागली. गिउहाव को, तहान लागली. गिकापोय को, थकवा आला. गिहिलानात, ताप आला. गिउबो, खोकला झाला. गिसिप-ओन, सर्दी झाली. मराठीत आपण 'मी भूक आहे' म्हणत नाही, भूक मला लागते. ताप मला येतो, मी तापाकडे जात नाही. व्याकरणाची घडण वेगळी आहे, कारण तिथे आपल्यासारखी चतुर्थी नाही, पण शरीराकडे पाहायची नजर तीच. दुखण्याचं नाव ठाऊक असलं की पुढे 'गि' लावायचा, वाक्य तयार.

'बाती' हा वाटण्याचा मूळ शब्द. "उन्साय इमोङ गिबाती?" तुम्हाला काय होतंय, काय जाणवतंय? 'पाग्बाती' म्हणजे भावना. (तागालोगमध्ये पाग्बाती म्हणजे अभिवादन, तेव्हा मनिलात शिकलेलं इथे जसंच्या तसं वापरू नये.) 'नाग्बाती' मात्र वेगळं: बाईला कळा सुरू झाल्या. जाणवणं आणि कळा येणं यांत फक्त उपसर्गाचा फरक. गरोदर बाईला घेऊन आलेले लोक दारातूनच "नाग्बाती ना!" म्हणाले तर त्यांना 'काय वाटतंय' विचारत बसू नये, खाट रिकामी करावी. मराठीतही 'कळणं' आणि 'कळा' किती जवळ राहतात. आणि 'बाती' असाच लिहिलेला आणखी एक शब्द आहे, त्याचा अर्थ कुरूप, वाईट. "बाती काआयो" ऐकलं तर ते भावनांविषयी नाही, फार वाईट आहे असं चाललंय.

मनाच्या शब्दांत 'बुओत' हे घर आहे: इच्छा, विवेक, मन, सगळं तिथे नांदतं. 'बुओतान' म्हणजे गुणी, समंजस. "इकाव आय माग्बुओत" म्हणजे तू ठरव, तुझ्या मनाप्रमाणे. याच शेजारी संस्कृतातून गेलेला 'बुधी' भेटतो. तागालोगमध्ये त्याचा अर्थ सद्सद्विवेक राहिला, सेबुआनोत मात्र तो विश्वासघात झाला. 'माबुधिओन' म्हणजे फितूर. ओळखीचा शब्द पाहून हुरळून जाऊ नये. 'लिबोग'बद्दल तर सावधच राहा: "नालिबोग को" म्हणजे माझा गोंधळ उडाला, पण तेच तागालोग माणसाला कामवासनेविषयी ऐकू येतं.

'मिङाव' जागेलाही लागतो आणि माणसालाही. माणसं गेल्यावरचं घर मिङाव, सुनंसुनं. "गिमिङाव को निमो" म्हणजे तुझ्यावाचून करमत नाही. इथेही 'गि' आहेच: सुनेपण बाहेरून येऊन अंगाला लागतं, थंडीसारखं.

'पामिनाव'ची दोन वाक्यं शेवटी पाठ करून ठेवावीत, कारण ती सतत कानावर पडतात. "बुग्-आत आकोङ पामिनाव": अंग जड झालंय, बहुधा आजारी पडणार. आणि सुरुवातीच्या आजीचं "ला-इन आकोङ पामिनाव". त्याच 'ला-इन'पासून 'नाला-इन' होतो, म्हणजे एखाद्याला वाईट वाटलं, मन दुखावलं. तपासताना घाई झाली की पेशंट हे तोंडावर बोलत नाही, बाहेर जाऊन बहिणीला सांगतो.

औषध दिल्यावर दुसऱ्या दिवशी उत्तर येतं ते दोनपैकी एक. "नाहुपाय ना" म्हणजे दुखणं ओसरलंय, आराम आहे. "नाआयो ना" म्हणजे बरं झालं. पहिलं ऐकून गोळ्या बंद करायच्या नाहीत.